ट्रेकला कोणता कुत्रा? काही जातींचा रोखठोक आढावा

डोंगरात नेण्यासाठी कुत्रा घेताना पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती चालेल? सराव असलेला कुठलाही मध्यम बांध्याचा कुत्रा दिवसभराचा ट्रेक हसतखेळत करतो, त्यामुळे या प्रश्नातून फार काही निष्पन्न होत नाही. पंचाईत होते ती सात-आठ किलोमीटर आत गेल्यावर तळव्याची गादी फाटली की. मग त्याला उचलून खाली कोण आणणार? म्हणून इथे पहिला निकष वजनाचा. बहुतेकांना २० ते २२ किलोंपुढचा कुत्रा खांद्यावर घेऊन अर्धा तासही उतरता येत नाही.

सुरुवात लॅब्रॅडॉरपासून, कारण निम्म्या लोकांच्या मनात आधीच तो बसलेला असतो. स्वभावाला नाव ठेवायला जागा नाही. हाकेला येतो, वाटेत भेटलेल्या अनोळखी माणसांवर उगाच भुंकत नाही, पाण्यात तर त्याचं माहेरच. पण नर २९ ते ३६ किलोंचा, शिवाय खादाड. २०१६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांना लॅबमध्ये पीओएमसी जनुकातला एक बिघाड सापडला. साधारण दर चौथ्या लॅबमध्ये तो असतो आणि त्याने भूक व वजन दोन्ही वाढतं. दुसरी भानगड ईआयसीची, म्हणजे जोराच्या श्रमाने कोसळण्याच्या आजाराची. या आजारात पाच ते वीस मिनिटं जोरात पळापळ झाली की मागचे पाय लटपटतात आणि कुत्रा बसकण मारतो. यासाठी डीएनएम१ जनुकाची डीएनए चाचणी होते. आई-बापापैकी एकाचा जरी अहवाल ‘क्लिअर’, म्हणजे बिघाड नसलेला, असला तरी पिल्लाला हा त्रास होत नाही, तेव्हा अहवाल मागायला लाजू नका. लॅबच हवा असेल तर फील्ड लाइनचा, म्हणजे रानातल्या कामासाठी पैदास केलेला घ्या. तो अंगाने हलका आणि पायांनी उंच असतो. शो लाइनचा, म्हणजे प्रदर्शनासाठी पैदास केलेला, पिंपासारख्या छातीचा लॅब दगडांवरून उड्या मारत उतरताना बघवत नाही. कुत्र्याचं साठेक टक्के वजन एरवीही पुढच्या पायांवर असतं, उतारावर ते आणखी वाढतं. कोपर आणि खांदे तिथेच जातात.

बॉर्डर कॉली १४ ते २० किलोंची, म्हणजे वजनात पास. दम अफाट, डोकं त्याहून तल्लख, आणि दोष नेमका तोच: थांबायचं कळत नाही. मेंढरं वळवायचं रक्त असल्याने अरुंद वाटेवर ती गटाच्या पुढे-मागे घिरट्या घालते आणि तुमच्या दुप्पट चालते. दर ४०-४५ मिनिटांनी सावलीत बसवून सक्तीची विश्रांती द्यावी लागते. लांब केसांत कुसळं आणि गोचीड लपतात ते वेगळंच. ऑस्ट्रेलियन शेफर्डचंही असंच, वर त्यात एमडीआर१ जनुकाचा दोष बराच आढळतो. अशा कुत्र्याला आयव्हरमेक्टिन या जंतांवरच्या औषधाची मोठी मात्रा जिवावर बेतू शकते. डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा.

आमची पसंती विझला, म्हणजे हंगेरीचा शिकारी कुत्रा. २० ते २७ किलो, त्यातली मादी हलकी. केस आखूड आणि खाली लोकरीचा थर नाही, त्यामुळे अंग लवकर निवतं आणि गोचीड हाताला लगेच लागते. माणसाला सोडून लांब जात नाही. खोट एवढीच की कातडी पातळ. काटेरी झुडपातून गेला की छातीवर, काखेत ओरखडे पडलेच समजा, आणि थंडीत जाकीट लागतंच. घरी एकटा ठेवाल तर सोफ्याची आशा सोडा.

हस्की फोटोत देखणा दिसतो, वजनही १६ ते २७ किलो. पण सावज दिसलं की तुमची हाक त्याच्या कानात शिरत नाही. दोर कधीच सोडता येत नाही आणि दुपदरी केसांमुळे उन्हात हाल होतात. बर्नीज माउंटन डॉगच्या नावातच डोंगर आहे, पण वजन ३५ किलोंपासून पुढे आणि आयुष्य सात-आठ वर्षांचं. नको. जॅक रसेल मात्र चकित करतो: सहा-सात किलोंचा, दमला की सॅकमध्ये बसतो. फक्त बिळांपासून जपा, आत घुसला की निघत नाही.

पग, बुलडॉग, बॉक्सर यांना चढावर नेऊच नये. कुत्र्याला घाम येतो तो फक्त तळव्यांना, उन्हात अंगातली उष्णता मुख्यतः धापा टाकूनच बाहेर जाते. चपट्या नाकाला ते नीट जमत नाही. अंगाचा ताप ४१ अंशांवर गेला की उष्माघात. डॅशहंडचा प्रश्न पाठीचा: उंच दगडावरून उडी, आणि मणक्यातली गादी सरकते.

गावठी किंवा मिश्र जातीचा पूर्ण वाढलेला कुत्रा दत्तक घेणं हा या सगळ्यांत कमी धोक्याचा सौदा. पिल्लाबाबत अंदाज बांधावा लागतो, इथे पाय, वजन, स्वभाव समोरच दिसतो. त्याला दोरीवर दुडक्या चालीने चालवा आणि मागून बघा. कंबर डुलत असेल किंवा मागचे दोन्ही पाय सशासारखे एकदम पडत असतील तर खुब्याचा एक्स-रे काढल्याशिवाय पुढे जाऊ नका. मग दहा मिनिटं चढ चढवून जीभ पाहा. टोकाला पसरून फावड्यासारखी रुंद झाली असेल तर तो तापलाय. सावलीत पाणी देऊन दहा मिनिटं बसवल्यावर धाप उतरायला हवी.

पिल्लूच घेणार असाल तर हाडांची वाढ पूर्ण होईपर्यंत, म्हणजे १२ ते १८ महिने, मोठे ट्रेक बंद. पाठीवर पिशवी त्यानंतरच, तीही सुरुवातीला वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंत.

आणि पैसे देण्याआधी त्या जातीचा पूर्ण वाढलेला, शांत कुत्रा मालकाच्या परवानगीने उचलून बघा: एक हात छातीपुढून, दुसरा मांड्यांमागून, मग मानेवर आडवा, चारही पाय पुढे हातात धरून. तसेच दोन-तीन जिने उतरा.