जॅझ गायकीचा पहिला अल्बम: एला-लुई, सारा, हार्टमन की बिली?

‘जॅझ ऐकायचंय, पण नुसती वाद्यं डोक्यावरून जातात. गाणारं कुणीतरी सांग,’ अशी मागणी आमच्या दादर-पार्ल्याच्या कानसेनांकडून वरचेवर येते. ही मंडळी ख्याल, नाट्यपदं आणि भावगीतांवर वाढलेली. त्यांना कुणीतरी पन्नास नावांची यादी पाठवतं आणि तिथेच सगळं संपतं. माझ्या मते पहिला अल्बम निवडताना चार अल्बम पारखले की पुरे. चारही स्ट्रीमिंगवर मिळतात, त्यामुळे प्रश्न पैशांचा नाही. पहिलाच घास घशाशी अडकला तर माणूस पुन्हा त्या ताटावर बसत नाही, एवढाच काय तो धोका.

सगळ्यात बिनधोक म्हणजे ‘एला अँड लुई’, १९५६चा. एला फिट्झजेराल्डचा आवाज स्वच्छ, उच्चार इतके मोकळे की इंग्रजी गाणी कानाला फारशी सरावाची नसली तरी शब्द सुटत नाहीत. शेजारी लुई आर्मस्ट्राँगचा खरखरीत घसा. ही जोडी कागदावर जुळणारी नाही, पण गाताना दोघं एकमेकांना जागा देतात. मागे ऑस्कर पीटरसनचा पियानो, हर्ब एलिसची गिटार, रे ब्राउनचा बास आणि बडी रिचचे ड्रम्स. एवढे तगडे वादक, पण कुणी पुढे घुसत नाही. घरात चार माणसं असताना, पोहे परतताना, लोकलमध्ये कानात बोंडं खुपसून, कुठेही लावा. बोरिवलीहून चर्चगेटला पोचेपर्यंत जवळजवळ पूर्ण होतो. तक्रार एकच: एलाची स्कॅट, म्हणजे निरर्थक अक्षरांवर ताना घेत सुटणं, इथे फारशी नाही. ती हवी तर तिच्या मैफलींची रेकॉर्डिंग्ज ऐकावी लागतात; १९६०च्या बर्लिनच्या कार्यक्रमापासून सुरुवात करा.

पण विचारणारा ख्याल ऐकणारा असेल, तर मी एला-लुई बाजूला ठेवतो आणि सारा व्हॉन हातात देतो. डिसेंबर १९५४मध्ये न्यूयॉर्कला ध्वनिमुद्रित झालेला, क्लिफर्ड ब्राउनच्या ट्रम्पेटसोबतचा तिचा नऊ गाण्यांचा अल्बम. ‘ललबाय ऑफ बर्डलँड’ने सुरुवात होते. शब्द गाऊन झाले की ती शब्द सोडून देते आणि वाद्यांबरोबर आळीपाळीने छोटे छोटे तुकडे घेते. सवाल-जवाब ऐकायची सवय असलेल्या कानाला इथे काही समजावून सांगावं लागत नाही. सारा स्वतः पियानो वाजवायची. पियानोवादक अर्ल हाइन्सच्या बँडमध्ये ती गायिका होती आणि दुसरी पियानोवादकही. म्हणून गाण्याखालचे स्वरसंघ, म्हणजे कॉर्ड्स, बदलतात तेव्हा ती नेमका कोणता स्वर धरेल याचा अंदाज येत नाही, आणि धरल्यावर मात्र तोच हवा होता असं वाटतं.

याच अल्बममधलं ‘एम्ब्रेसेबल यू’ रात्री दिवे घालवून ऐका. ट्रम्पेट, बासरी, सॅक्सोफोन सगळे गप्प. फक्त पियानो, बास, ड्रम्स. लय इतकी संथ की ठेका हरवेल असं वाटतं. ती एकेक ओळ खालच्या सुरांतून वर नेते आणि आवाजाचा पोत कुठे बदलला ते सापडत नाही. आपल्याकडे याला ‘लगाव’ म्हणतात. भावार्थाकडे तिचं लक्ष कमी, सुराकडे जास्त, असा आक्षेप काही जण घेतात. आक्षेप खरा आहे. मला तो दोष वाटत नाही. सुरालाच आधी मान देणारं किराणा घराणं आवडणाऱ्याने तर हा आक्षेप घेऊच नये. ब्राउनबद्दल एवढंच सांगतो की जून १९५६मध्ये, पंचविसाव्या वर्षी, तो मोटार अपघातात गेला.

पुरुष आवाज हवा असेल तर गायक जॉनी हार्टमन आणि सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांचा १९६३चा अल्बम. सहाच गाणी, जेमतेम अर्धा तास. खर्जातला गुळगुळीत आवाज आणि एरवी वादळ उठवणारा कोल्ट्रेन इथे अगदी नमून वाजवणारा. ‘माय वन अँड ओन्ली लव्ह’मध्ये आधी पूर्ण गाणं सॅक्सोफोन सांगतो, गायक बऱ्याच वेळाने येतो. ही वाट पाहणं ज्याला जमेल त्यानेच हा अल्बम घ्यावा. लोकलमध्ये याची माती होते. घरीसुद्धा पंखा पाचवर असेल तर बासचा गाभा बुडतो.

राहिली बिली हॉलिडे. ‘लेडी इन सॅटिन’ हा १९५८चा अल्बम सगळ्या याद्यांमध्ये वरच्या नंबरवर असतो, आणि तोच नवख्याला देऊ नये असं माझं ठाम मत आहे. मागे रे एलिसचा तंतुवाद्यांचा भरगच्च ताफा, पुढे चिरत चाललेला आवाज. पुढच्या वर्षी जुलैमध्ये, ४४व्या वर्षी ती गेली. तिच्या हालअपेष्टांच्या कथा आधी वाचायच्या आणि मग आवाजात त्या शोधत बसायचं, यात गाणं ऐकणं राहूनच जातं. बिली ऐकायची तर १९३०च्या दशकातली, टेडी विल्सनच्या पियानोबरोबरची आणि लेस्टर यंगच्या सॅक्सोफोनबरोबरची. तिथे ती ठेक्याच्या किंचित मागे राहून ओळ टाकते आणि तरी समेवर कशी येते ते कळतं. मग वर्षभराने ‘लेडी इन सॅटिन’ लावा, अंगावर येईल.

आपल्या मुंबईची आशा पुथलीही जॅझमध्ये आहे. सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमनच्या ‘सायन्स फिक्शन’ अल्बममध्ये ती दोन गाणी गायली आहे. अभिमान वाटतो, पण सुरुवातीला तो अल्बम नको. भोवतीची वाद्यं नवख्याला पळवून लावतील.

एलपीच घ्यायच्या असतील तर जुन्यापेक्षा नवी छपाई बरी. मुंबईतलं रेकॉर्डचं जुनं दुकान ऱ्हिदम हाऊस २०१६मध्ये बंद झालं. आता फोर्टच्या फुटपाथवर किंवा चोर बाजारात हात काळे करावे लागतात. तिथे कव्हरवर भुलू नका. तबकडी बाहेर काढून उजेडात तिरकी धरा. आपल्या पावसाळ्याने खोबणीत बुरशीचे पांढरे ठिपके पाडले असतील तर दुकानदार कितीही उतरला तरी परत ठेवा, आणि सारा व्हॉन फोनवरच ऐका.