दवाखान्यासाठी क्लाउड नंबर की फायबरवरची लँडलाइन? आम्ही दोन्ही वापरून बघितलं

बायकोचा विलेपार्ल्याला दातांचा दवाखाना आहे आणि फोन, बिलं, इंटरनेट हे सगळं माझ्याकडे असतं. जुनी तांब्याच्या तारेची लाइन पावसाळ्यात सारखी खरखरायची म्हणून ती सोडायची हे ठरलं होतं, पुढे काय घ्यायचं हाच प्रश्न होता. ज्यांचं असंच छोटं काम आहे त्यांच्यासाठी लिहितोय, मोठ्या ऑफिसचं गणित वेगळं असू शकतं.

पहिल्यांदा क्लाउड नंबर घेतला, म्हणजे तार किंवा फोनचं यंत्र न लागता इंटरनेटवर चालणारा आणि आपल्या मोबाइलवर वाजणारा नंबर, आणि खरं सांगतो, सोयी भरपूर आहेत. एकच नंबर, तो रिसेप्शनवरच्या मुलीच्या आणि बायकोच्या मोबाइलवर एकदम वाजतो, सुट्टीचा मेसेज वेगळा लावता येतो, कोणी कधी फोन केला त्याची यादी मिळते आणि व्हॉइसमेलची ऑडिओ फाइल सरळ ईमेलवर येते. बायको चिपळूणला माहेरी गेली तरी पेशंटला तोच नंबर. 2018 पासून आपल्याकडे परवाना असलेल्या कंपन्यांना ॲपवरून साध्या फोनवर कॉल द्यायची मोकळीक आहे, त्यामुळे इथलीच कंपनी बघा. परदेशातले नातेवाईक गूगल व्हॉइस सुचवतात पण त्याचं साधं पर्सनल अकाउंट भारतात मिळत नाही.

आता ज्याच्यामुळे आम्ही तो सोडला ते सांगतो. आमचे निम्मेअधिक पेशंट साठीच्या पुढचे. फोन लावला की रिंग न वाजता आधी रेकॉर्डिंग सुरू, स्वागत आहे, अपॉइंटमेंटसाठी एक दाबा वगैरे, आणि कोणी उचललं नाही तर बीपनंतर निरोप ठेवा. एका आजींचा व्हॉइसमेल अजून लक्षात आहे. "हॅलो, ताई आहेत का? हॅलो? अगं मी बोलतेय..." मागे टीव्ही चालू, मग घरातल्या कोणाला तरी "बोलत नाहीये गं कुणी", आणि फोन ठेवला. नाव नाही, काय होतंय ते नाही. नंतर त्या सुजलेला गाल घेऊन रिक्षाने स्वतःच आल्या, फोन केला होता पण कुणी बोललंच नाही म्हणाल्या. मेलबॉक्समधले बरेचसे निरोप असेच, नुसतं हॅलो हॅलो. काही जण तर रेकॉर्डिंगमधल्या बाईलाच दात कुठला दुखतोय ते सांगायचे आणि बीप व्हायच्या आधी ठेवून द्यायचे, म्हणजे त्यांच्या मते निरोप पोचला आणि आमच्याकडे काहीच नाही. मला हे फार लागलं. नुसती रिंग वाजत राहिली तर माणसाला कळतं की उचलत नाहीयेत, तो परत लावतो नाहीतर व्हॉट्सॲप करतो. मशीनने उचललं की तो वाट बघत बसतो, आणि दात दुखत असताना वाट बघणं काय असतं ते ज्याला झालंय त्यालाच माहीत.

म्हणून मग ब्रॉडबँडच्या फायबरवरच लँडलाइन घेतली. ही पण इंटरनेटवरच चालते, फक्त राउटरच्या मागे साधा फोन जोडायचा, 022 चा नंबर, आणि फोन आला की थेट रिंग. व्हॉइसमेल लावलाच नाही. मिस्ड कॉल डिस्प्लेवर दिसतात, रिसेप्शनवरची मुलगी दुपारी आणि रात्री दवाखाना बंद करताना सगळ्यांना परत फोन करते. आम्ही केलेले फोनही लोक जास्त उचलतात असं मला वाटतं, क्लाउडवरून जाताना कधीकधी भलताच नंबर दिसायचा आणि लोक लोनवाले समजून कापायचे.

तोटे आहेतच. जुन्या लाइनला वीज एक्स्चेंजमधून यायची त्यामुळे लाइट गेले तरी फोन चालायचा. फायबरला तसं नाही, राउटर बंद तर फोन बंद. 12 ऑक्टोबर 2020 ला अख्ख्या मुंबईचे लाइट गेले होते ते आठवत असेलच. राउटरसाठी 12 व्होल्टचा छोटा यूपीएस लगेच घ्या. या बाबतीत क्लाउड नक्कीच वरचढ, तो मोबाइलवर वळवलेला असला की दवाखान्यात लाइट असोत-नसोत. दुसरं म्हणजे मोबाइलसारखं लँडलाइनचं पोर्टिंग आपल्याकडे नाही, कंपनी बदलली की नंबर गेला, तेव्हा बोर्डावर आणि प्रिस्क्रिप्शनवर छापायच्या आधी विचार करा.

आवाजाचं म्हणाल तर दोन्हीकडे ठीक आहे. एका कॉलला साधारण 100 केबीपीएस पुरतं, त्यामुळे जास्त स्पीडच्या प्लॅनवर त्यासाठी पैसे घालू नका. मात्र क्लाउडचं ॲप मोबाइल डेटावर असेल तर लोकलमध्ये आवाज तुटतो आणि दोघं एकदम बोलायला लागतात. आणि सुरुवातीला, ॲप दवाखान्याच्या वायफायवर असताना, आमचा आवाज जायचा पण समोरच्याचा यायचा नाही, ते राउटरमधलं एसआयपी एएलजी (इंटरनेटवरच्या कॉलमध्ये ढवळाढवळ करणारी एक सेटिंग) बंद केल्यावर थांबलं, तुम्हाला तसं झालं तर आधी तेच बघा.

तुमचे ग्राहक तरुण असतील, क्लास असेल, माणसं फिरतीवर असतील तर क्लाउड कदाचित बरा पडेल. फक्त घ्यायच्या आधी कंपनीला स्पष्ट विचारा की रेकॉर्डिंग न लावता थेट रिंग देता येते का आणि व्हॉइसमेल पूर्ण बंद होतो का. आमच्या प्लॅनमध्ये नव्हतं. आणि हो म्हणाले तरी घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला काही न सांगता त्या नंबरवर एकदा फोन लावायला सांगा, आणि ते काय करतात ते शेजारी बसून बघा.