तर्री-पोहे, चहा आणि तक्रारवही
धरमपेठेतील या छोट्या उपाहारगृहातील तर्री-पोहे उत्तम आहेत, चहा मात्र फारच गोड. तरीही हा अभिप्राय तेथील तक्रारवहीविषयी लिहीत आहे. समलिंगी ग्राहकांविषयी अर्वाच्य मजकूर असलेले एक निनावी पत्र आले, तेव्हा मालकांनी दारावरील इंद्रधनुषी पताका तशीच ठेवून, आक्षेप नाव व सहीनिशी वहीत नोंदवावा, अशी पाटी लावली. वहीचे ते पान अद्याप कोरे आहे. नावानिशी विरोध करण्याचा असाच प्रश्न अमेरिकेतही आला होता: समलिंगी जोडप्यांच्या हक्कांविरुद्ध सार्वमत मागणाऱ्या अर्जांवरील सह्या उघड करण्यास अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ८ विरुद्ध १ मताने सर्वसाधारणपणे मान्यता दिली, परंतु छळाची खरी शक्यता दाखवल्यास अपवादही मोकळा ठेवला. मालकांनी त्या निनावी पत्राचे हस्ताक्षर ओळखूनही कोणाचे नाव घेतले नाही, हे मला अधिक आवडले.