मुंबईच्या ओहोटीतली भटकंती : ऑक्टोबर ते मार्चचा अनुभव

ऑक्टोबरपासून मी मुंबईच्या किनाऱ्यांवर ओहोटीच्या वेळी फिरते आहे. निकाल आधीच सांगते. शहरातल्या शहरात, बसच्या तिकिटात, इतकं बघायला देणारी दुसरी भटकंती मला माहीत नाही. फक्त वेळ समुद्र ठरवतो. रविवारी सकाळी दहाला सवड आहे म्हणून निघालात तर बहुतेक वेळा हाती काही लागणार नाही.

पार्ल्यात राहणाऱ्या माणसाला जुहू म्हणजे भेळ, वाळू आणि गर्दी. पाण्याजवळच्या ओल्या पट्ट्यात वाकून काही बघावं असं सुचतच नाही. खडकांवर तर पाय घसरेल, खेकडा धरेल, पाणी चढेल, आणि ‘या बाई काय शोधतायत’ म्हणून लोक बघतील, अशी धाकधूक. ही धाकधूक एकट्याने फिरून जात नाही. म्हणून सुरुवात ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’च्या फेरीने करा. 2017 पासून ही मंडळी लोकांना किनाऱ्यावर नेऊन तिथले जीव दाखवत आली आहेत. अनोळखी घोळक्यात मिसळणं ज्यांना जड जातं त्यांना ही फेरी फार सोयीची, कारण सगळ्यांच्या माना खाली असतात. कोणी नोकरी विचारत नाही, मुलं किती विचारत नाही. “इकडे या, हे बघा,” एवढंच बोलणं.

आता वेळेचं गणित, कारण सगळं त्यावरच आहे. कोकणातला जुना हिशेब इथे अजून चालतो: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. पौर्णिमा-अमावस्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी म्हणजे साडेपाचच्या सुमारास ओहोटी. अष्टमीला ओहोटी बाराच्या सुमारास येते, पण ती भांगाची, म्हणजे कमी जोराची, पाणी फारसं मागे हटत नाही. म्हणून अष्टमीच्या आसपास जाऊच नका. हिशेब अंदाजाचा आहे, नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघावी. तक्त्यात ओहोटीचा आकडा 0.6 मीटरच्या खाली असेल तर मी बाकीची कामं बाजूला ठेवते.

आणखी एक गोष्ट तक्ता रोज बघितल्यावरच लक्षात येते. दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या नसतात. डिसेंबर-जानेवारीत संध्याकाळची खोल असते, उन्हाळ्याकडे सकाळची खोल होत जाते. त्यामुळे थंडीत पौर्णिमा-अमावस्येच्या आसपासची संध्याकाळ गाठायची, आणि उन्हाळ्यात त्यानंतरच्या द्वितीया-तृतीयेची सकाळ, आठच्या सुमाराची. एवढं जमलं की अर्धं काम झालं.

जुहूला पाणी ओसरायला लागलं की ओल्या वाळूवर मुगाएवढ्या गोळ्यांची नक्षी दिसते. ती इवल्याशा खेकड्यांची. दोन पावलं मागे सरकून स्वस्थ उभं राहा. मिनिटभरात बिळातून एक बाहेर येतो, नांग्यांनी वाळू तोंडात कोंबतो, त्यातलं खाण्यासारखं गाळून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतो. बिळापासून सरळ रेषेत बाहेर जातो, परत येतो, मग शेजारची रेष धरतो. सावली हलली की सगळेच गायब. भरती आली की नक्षी पुसली जाते आणि पुढच्या ओहोटीला काम पहिल्यापासून सुरू. मी लहानपणापासून या वाळूवरून चालत आले आहे, आणि हे बघितलं गेल्या हिवाळ्यात.

खडकाळ किनाऱ्यासाठी मी वांद्र्याचा कार्टर रोड धरला. इथे माझं मत ठाम आहे: दर वेळी नवी जागा शोधू नका. एकाच किनाऱ्यावर, त्याच खडकांच्या त्याच डबक्यांशी पुन्हा पुन्हा जा. पहिल्यांदा नुसता काळा दगड आणि शेवाळ दिसतं. पुढे डोळा बसतो. दगडाच्या कडेला चिकटलेला चॉकलेटी गोळा म्हणजे मिटलेलं समुद्रफूल, फुलासारखा दिसणारा प्राणी, हे कळायला लागतं, आणि पाण्यात असलं की तेच झालर पसरून बसतं. रिकामा म्हणून उचलायला गेलेला शंख चालायला लागतो, कारण आत खेकडा बिऱ्हाड करून असतो. फेब्रुवारीत एका कपारीत लहानसा ऑक्टोपस होता. बघता बघता तो दगडाच्या रंगाचा झाला, आणि जागा माहीत असूनही मला दिसेनासा झाला. आम्ही तिघीजणी बराच वेळ बोलल्याच नाही.

अडचणीही आहेत. काही ठिकाणी गटाराचं पाणी थेट किनाऱ्यावर येतं, वास येतो, आणि खडकांच्या फटींत प्लॅस्टिक इतकं अडकलेलं असतं की जीव तुटतो. पायाला जखम असेल तर उतरू नये. सँडल चालत नाहीत. खडकांवरच्या कालवांच्या आणि बार्नकलच्या (खडकाला चिकटून राहणाऱ्या कवचाच्या जिवांच्या) कडा पात्यासारख्या कापतात. बंद, रबरी तळाचे जुने बूट हवेत. हिरव्या शेवाळावर पाय ठेवू नये. दगड उलटला तर होता तसा परत ठेवावा. जिवंत शंख घरी आणू नये, आणि प्रवाळ तर 1972च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, त्याला हात नाही. हात न लावण्यात आपलंही भलं, कारण काही शंख विषारी दंश करतात.

सुरक्षेचा एकच नियम मी कधी मोडत नाही: ओहोटीच्या दीड तास आधी उतरायचं आणि तक्त्यातली वेळ झाली की परत फिरायचं. पाणी समोरून येताना दिसतं असं वाटतं, पण ते मागच्या घळीतून आधी भरतं.

पन्नाशीच्या पुढच्यांनी काठी घेऊन खुशाल यावं. गुडघे दुखत असतील तर खडक सोडा, जुहूची किंवा गिरगावची वाळू पुरेशी आहे. आठ-दहा वर्षांची मुलं सोबत असली तर फारच उत्तम, त्यांना आपल्याआधी दिसतं. एप्रिल-मे सकाळच्या ओहोट्यांचे. जूनपासून मात्र बंद, कारण पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, आणि ऑगस्टच्या सुमारास निळ्या फुग्यांसारखे ब्लूबॉटल वाहून येतात, ज्यांचा डंख फार झोंबतो. नवरात्र संपलं की तक्ता पुन्हा काढायचा.