ताईंच्या बैठकी यूट्यूबवर : वेगळा रेकॉर्डर आणि शॉटकट, आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या आषाढापासून आमच्या गाण्याच्या ताईंच्या घरची महिन्याची बैठक मी रेकॉर्ड करतो आहे. सदाशिव पेठेतला पहिला मजला, मधलं दार काढून मोठी केलेली खोली, समोर वीस-पंचवीस माणसं. ताईंची मोठी बहीण साताऱ्याला असते. गुडघ्यांमुळे तिला आता पुण्याला येणं जमत नाही, म्हणून हे सगळं सुरू झालं. चित्र फोनवर घ्यायचं, आवाज तळहातावर मावणाऱ्या वेगळ्या रेकॉर्डरवर घ्यायचा, घरी येऊन शॉटकट या व्हिडिओ संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही जोडायचं आणि यूट्यूबवर चढवायचं. कोजागरी आणि दिवाळी पहाट धरून दहा बैठकी झाल्या. आता थोडं अधिकाराने लिहिता येईल असं वाटतं.

वेगळा रेकॉर्डर कशाला, फोनचा आवाज काय वाईट आहे, असं मला बऱ्याच जणांनी विचारलं. पहिली बैठक मी नुसत्या फोनवरच घेतली होती. फोन बोलण्यासाठी केलेला असतो, त्यामुळे आवाज कमी झाला की तो आपणहून उचलतो आणि वाढला की दाबतो. ताई आलाप संपवून क्षणभर थांबल्या की मागचा तानपुरा फुगत वर यायचा. तबल्यावर साथ करणाऱ्या काकांनी ठेका धरला की तोच तानपुरा खाली बसायचा. जवारी, म्हणजे तानपुऱ्याच्या तारांची ती झणझणती आस, ऐकूच येईना. ख्यालात त्या थांबण्यालाच किंमत असते आणि फोन नेमकं तेच बुजवत होता. रेकॉर्डरवर ही आपोआप पातळी बंद करता येते. मी ती बंद ठेवतो आणि सर्वांत मोठी तान उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील अशी पातळी हाताने लावतो. रेकॉर्डर ताईंपासून तीन फुटांवर, हनुवटीच्या उंचीला, थोडा तबल्याकडे वळवलेला. ४८ किलोहर्ट्झ (म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने), २४ बिट, वेव्ह फाइल. तासाला साधारण १ जीबी जागा लागते.

खालचे सूर कापणारं लो कट नावाचं एक बटण असतं. रस्त्यावरच्या रिक्षांची घरघर जाईल म्हणून मी दोन बैठकींना ते चालू ठेवलं. घरघर कमी झाली, पण डग्ग्याचा, म्हणजे डाव्या हाताच्या खर्जाच्या तबल्याचा, घुमारा पोकळ झाला. काकांनी पाच मिनिटं ऐकलं आणि इतकंच म्हणाले, “डग्गा माझा वाटत नाही रे.” तेव्हापासून ते बटण बंद आहे. खिडकी लावतो, पंखा बंद करतो आणि उरलेली घरघर राहू देतो.

आता मुख्य काम, जोडण्याचं. चित्रपटवाल्यांची ती पाटी लागते तसलं काही आणावं लागलं नाही. ताल हातावर धरायची सवय सगळ्यांना आहेच. गाणं सुरू व्हायच्या आधी फोनला दिसेल अशी एक स्पष्ट टाळी मी देतो, आणि संपल्यावर दुसरी. शॉटकटमध्ये दोन्ही आवाज एकाखाली एक ठेवले की टाळी सुईसारखी उभी दिसते. फोनच्या आवाजातली सुई आणि रेकॉर्डरची सुई एका रेषेत आणायची आणि मग फोनचा आवाज बंद करायचा. शॉटकटला एक आवाज आधार म्हणून देऊन दुसरा आपोआप जुळवून घेण्याची सोयही आहे. ती चांगली चालते. तरी मी शेवटी डोळ्यांनी समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, तपासतोच. विलंबित एकताल असेल तर समेचा ‘धिं’ पडताना काकांचा हात आणि आवाज एकत्र येतात का, ते तीन-चार आवर्तनं बघतो. आवाज आधी आला तर लगेच खटकतं, थोडा मागे राहिला तर चालून जातं. लांबचा आवाज उशिरा येण्याची आपल्याला जन्मापासून सवय आहे. प्रसारणाच्या मानकातही हेच आहे: आवाज ४५ मिलीसेकंद पुढे गेला की कळतो, मागे मात्र १२५ पर्यंत खपतो.

दुसरी टाळी कशासाठी, हे श्रावणातल्या बैठकीनंतर कळलं. सुरुवात अगदी चोख जुळली होती, पण सत्तराव्या मिनिटाला द्रुत चालू असताना काकांचा हात आणि बोल फुटलेले दिसायला लागले. मी तीन रात्री चूक शोधत होतो. चूक कुठेच नव्हती. फोनचं घड्याळ आणि रेकॉर्डरचं घड्याळ ही दोन वेगळी स्फटिकं, दोघांचा सेकंद केसभर वेगळा. पहिल्या टाळीपासून दुसरीपर्यंत ४,२०० सेकंदांत ०.१२ सेकंदाचा फरक निघाला. आवाजाचा वेग तेवढ्याच प्रमाणात, म्हणजे लाखात तिनाच्या आत, बदलला की शेवटची टाळीही जुळते. वेग बदलला तर सूर हलेल ही भीती मला होती. हिशेब केला, तर हा बदल एका सेंटच्या (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) विसाव्या भागाइतका येतो, आणि सर्वांत लहान श्रुतीसुद्धा एकवीस-बावीस सेंटची असते. त्यामुळे मी आता निर्धास्तपणे बदलतो.

याच प्रकारातली दुसरी अडचण फोनच्या चित्राची. बहुतेक फोन सेकंदाला ठरावीक चित्रं घेत नाहीत. उजेड कमी झाला की संख्या घसरते, आणि अशी फाइल थेट वापरली तर जुळणी मधेच सरकते. अशी फाइल आत घेताना शॉटकट स्वतःच विचारतं, संपादनासाठी बदलून घेऊ का? होच म्हणा. वेळ आणि जागा दोन्ही लागतात, पण पुढचा त्रास वाचतो. माझा लॅपटॉप जुना आहे, म्हणून काम करताना प्रॉक्सी, म्हणजे चित्राची हलकी तात्पुरती प्रत, चालू ठेवतो. मग चित्र अडखळत नाही.

भाद्रपदात रेकॉर्डर चुकून ४४.१ किलोहर्ट्झवर राहिला. एरवी त्याने काही बिघडत नाही, सॉफ्टवेअर ते नीट बदलून घेतं. पण त्या दिवशी घाईत मी फोनवरच्या एका फुकट ॲपमध्ये जोडणी केली आणि त्याने ती फाइल ४८ समजून वाजवली. सत्तर मिनिटांची बैठक चौसष्ट मिनिटांत संपली. ताईंची पट्टी काळी चार, ती पांढरी सहाच्याही वर गेली. मी नीट न ऐकताच लिंक पाठवून दिली होती. ताईंचा फोन आला. “हा गळा माझा नाही,” म्हणाल्या. रागावल्या नाहीत, त्याचंच मला जास्त लागलं. पंधरा मिनिटांत तो व्हिडिओ काढला. तेव्हापासून काहीही चढवण्याआधी हार्मोनियम घेऊन बसतो आणि षड्ज लावून बघतो.

आवाजाच्या पातळीबद्दल थोडं. यूट्यूब उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणारा सरासरी जोर मोजायचं एकक) वरचा आवाज खाली आणतं, कमी असलेला मात्र वर उचलत नाही. म्हणून बरेच जण सगळं दाबून उणे १४ पर्यंत नेतात. ख्यालाला हे करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. विलंबितातली कुजबुज आणि द्रुतातली तान एका उंचीवर आली तर गाण्याची चढण कुठे राहिली? मी ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये उणे १८ च्या आसपास ठेवतो, शिखर उणे १ च्या खाली. साताऱ्याच्या मावशींना फोनचा आवाज थोडा वाढवावा लागतो, पण त्या कानाला यंत्र लावून ऐकतात तरी त्यांनी कधी तक्रार केली नाही.

फाइल काढताना एमपी४, चित्र एच.२६४, आवाज एएसी ३८४ केबीपीएस, ४८ किलोहर्ट्झ. १०८० पी, सेकंदाला २५ चित्रं, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आहे आणि ३० ठेवलं की ट्यूबलाइट लवलवताना दिसते. ८ एमबीपीएसने सत्तर मिनिटांची फाइल सव्वाचार जीबीच्या घरात जाते. पंधरा मिनिटांपेक्षा लांब व्हिडिओसाठी आधी फोन नंबर देऊन खातं पडताळून घ्यावं लागतं. नुसता आवाज बदलायचा असेल, तर एफएफएमपेग या सॉफ्टवेअरने चित्राला हात न लावता तो मिनिटभरात बदलता येतो. ताईंनी एखादी जागा कापायला सांगितली नसेल, तर मी आता तेच वापरतो.

डिसेंबरात एका व्हिडिओवर मालकीचा दावा आला. बंदिश पारंपरिक, गळा ताईंचा, रेकॉर्डिंग माझं. एका कंपनीच्या ध्वनिमुद्रणाशी साम्य आहे म्हणे. बंदिश जुनी असली तरी तिच्या एखाद्या ध्वनिमुद्रणावर प्रकाशनानंतर ६० वर्षं हक्क असतो, आणि यंत्राला ही दोन्ही वेगळी कळत नाहीत. मी हरकत नोंदवली, मूळ वेव्ह फाइल आणि दोन टाळ्यांसकट पूर्ण व्हिडिओ जपून ठेवला. उत्तर द्यायला समोरच्याला तीस दिवस असतात. बाविसाव्या दिवशी दावा मागे घेतला गेला. मूळ फाइली कधीही पुसू नका.

एक गोष्ट अजून जमलेली नाही. समेवर तबला जोरात आला की ताईंचा शेवटचा स्वर त्याखाली थोडा झाकला जातो. तापकीर गल्लीतून एक छोटा स्टँड आणला आहे. चैत्रातल्या बैठकीला दुसरा रेकॉर्डर काकांसमोर ठेवणार आहे. तिसरा आवाज म्हणजे तिसरं घड्याळ, तेव्हा टाळी सगळ्यांच्या मधोमध उभं राहून द्यावी लागेल.