बोअर, शेततळं की जुन्या विहिरीचं पुनर्भरण?

सोयाबीनचे पैसे हातात आले की आमच्या जालना भागात घरोघर एकच विषय निघतो: औंदा पाण्याचं काय करायचं? बोअर घ्यायचा, शेततळं खोदायचं, की आहे त्याच विहिरीवर खर्च करायचा? पैसा एकाच कामापुरता असतो, म्हणून तिन्ही पर्याय शेजारी-शेजारी ठेवून बघू.

बोअर सगळ्यात झटपट. संध्याकाळी गाडी लागते, सकाळपर्यंत निकाल. पण आपल्या पायाखाली बेसाल्ट, म्हणजे काळा कठीण खडक आहे. त्यात पाणी असतं ते मुख्यतः वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत. काळा पाषाण लागला की नुसते फूट वाढतात. आमच्या वावरात रात्री दीडला गाडीतून राखेसारखी भुकटी उडत होती. बाबा ती चिमटीत चोळून ओल लागते का बघत होते. शेवटपर्यंत कोरडीच निघाली. आणि पाणी लागलंच, तर बऱ्याचदा ते शेजारच्या विहिरीचंच असतं. शिवाय २००९ च्या राज्याच्या भूजल कायद्याने शेतीसाठी ६० मीटरपेक्षा खोल जायला मनाई आहे, हे गाडी बोलावण्याआधी ध्यानात घ्या.

शेततळ्याचा हिशेब मांडता येतो. ३० बाय ३० मीटर, खोली ३ मीटर, बाजूंना एकास एक उतार धरला तर २,१९६ घनमीटर, म्हणजे जवळपास २२ लाख लिटर. एकराला पाच सेंटिमीटर पाण्याची एक पाळी द्यायची तर दोन लाख लिटर लागतात. थोडी तूट धरूनही तीन एकर हरभऱ्याच्या तीन पाळ्या निघतात. ठिबक असेल तर फळबाग उन्हाळा काढते. उसाचं मात्र नाव काढू नका. मोकाट पाण्यावरचा एकरभर ऊस ८० लाख लिटरच्या घरात पितो.

खरा प्रश्न तळं भरायचं कशाने हा. पावसाळ्यात ओढ्याचं वाहून जाणारं पाणी घेतलं तर शेततळ्यासारखं साधन नाही. आमच्याच जिल्ह्यातल्या कडवंचीत द्राक्षबागा शेततळ्यांवर उभ्या राहिल्या, पण त्याआधी १९९६ पासून तिथे माथा ते पायथा पाणलोटाचं, म्हणजे पाणी अडवून जिरवायचं काम झालं होतं. ते विसरून आता जागोजागी विहिरी आणि बोअर उपसून तळी भरतात. जमिनीखाली झाकलेलं पाणी वर काढून उन्हात उघडं ठेवायचं, हे मला बघवत नाही. ९०० चौरस मीटर पाण्यावरून एक मिलिमीटर उडालं की ९०० लिटर गेले, आणि वैशाखात रोज सात-आठ मिलिमीटर सहज उडतात.

पुनर्भरण तिन्हींत स्वस्त. वावरातून वाहणारं पाणी गाळण खड्ड्यात घ्यायचं: तळाला दगडगोटे, त्यावर खडी, सगळ्यात वर वाळू. तिथून पाइपाने विहिरीत. गढूळ पाणी थेट सोडलं तर गाळाने पाझर बुजतात. उणीव एकच, आणि ती मोठी आहे: तुम्ही जिरवलेलं पाणी शेजारचा बोअर ओढून नेऊ शकतो. म्हणून हे काम गावाने मिळून केलं तरच पुरतं फळतं. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने तेव्हाचे सरपंच पोपटराव पवारांच्या पुढाकाराने नुसते चर खोदले नाहीत. शेतीसाठी बोअर बंद केले, ऊस-केळी बंद केली आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडून पिकं ठरवली. दिवसाला दीडशे लिटरवर असलेलं गावचं दूध चार हजार लिटरच्या आसपास गेलं, ते या शिस्तीमुळे.

तेव्हा वावराला लागून ओढा असेल आणि बाग जगवायची असेल तर अस्तरीकरण करून, म्हणजे पाणी झिरपू नये म्हणून आतून प्लास्टिक अंथरून, शेततळं घ्या. जुनी विहीर असेल, पिकं खरीप-रब्बीची असतील, तर आधी बांधबंदिस्ती आणि पुनर्भरण. तिसऱ्या बोअरसाठी कर्ज काढायच्या विचारात असाल, तर कळकळीने सांगते, काढू नका. आमचं ठरलंय: मे महिन्यात विहिरीतला गाळ काढायचा आणि मृगाच्या आत गाळण खड्डा भरून घ्यायचा. खडी येऊन पडली आहे.