पोट्ट्यांना विमान दाखवायचंय : पालम का बेंगळुरू?

मानेवाड्याचा आमचा भाऊ आठ दिवसांपासून विचारून राहिला, दिवाळीच्या सुट्टीत पोराला दिल्लीच्या पालमचं वायुसेना म्युझियम दाखवू का बेंगळुरूचं एचएएलचं, म्हणजे विमानं बनवणाऱ्या सरकारी कंपनीचं. नागपूरहून दोन्हीकडं अंतर साधारण 1100 किलोमीटर, थेट गाड्या आहेत, म्हणून प्रवासाचा मुद्दा सोडूनच दे.

पैशात दिल्ली स्वस्त, पालमला एंट्री फुकट. एचएएलला तिकीट आणि सिम्युलेटरचे, म्हणजे जमिनीवरच बसून विमान उडवायचा अनुभव देणाऱ्या यंत्राचे, वेगळे पैसे.

पण खरा फरक हात लावायचा आहे बाप्पा! पालमला दुसऱ्या महायुद्धातली स्पिटफायर, हरिकेन, लिबरेटर, 1965 च्या लढाईत पाकिस्तानची सेबर विमानं पाडणारं नॅट, अशी खरी विमानं एकाच ठिकाणी उभी, ते पाहून माझ्या अंगावर काटा आला होता, पण तिथं बघायचं फक्त. बेंगळुरूला 1961 मध्ये पहिल्यांदा उडालेलं आपलं देशी लढाऊ जेट मारुत आहे, आणि सिम्युलेटरवर पोरगं स्वतः बसतं, स्टिक जास्त मागं ओढली की नाक वर जातं, स्पीड पडतो, विमान स्टॉल होतं, म्हणजे पंख त्याला उचलून धरू शकत नाहीत, मग नाक खाली दाबून स्पीड परत मिळवावा लागतो, हे पुस्तकातून कितीही समजावलं तरी डोक्यात शिरत नाही, हाताला एकदा कळलं की विसरत नाही.

पालम वायुसेनेच्या हद्दीत आहे, आयडी सोबत ठेव.

पोरगं दहाच्या आसपासचं अन् बटणं दाबायची हौस असलेलं, तर बेंगळुरूच. इतिहासाचं वेड असलेलं कॉलेजचं पोरगं किंवा आपल्या वायुसेनानगरातून रिटायर झालेले काका सोबत असतील तर दिल्ली.